मरवा आणि मरुआ

माझं नाक गेलं ते कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. म्हणजे चेहऱ्यावर ते अजून जागच्या जागी आहे, पण त्याचा उपयोग चष्मा अडकवण्यापुरताच उरला. एका सकाळी दूध आटून पातेल्याचं बूड काळं झालं आणि मी शेजारी उभी राहून खुशाल फोनवर बोलत होते. मुलगी धावत आली तेव्हा मला कळलं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. चव थोडीफार परत आली, वास काही आला नाही. आता चार वर्षं होऊन गेली.

घरात सगळ्यांना वाटतं की नाक परत आलं, कारण मीच तसं सांगितलं. रोज कुणी ना कुणी नाकाशी कापूर नाहीतर चिरलेला कांदा आणायचं आणि ‘आता येतोय का?’ विचारायचं. एक दिवस कंटाळून ‘येतोय’ म्हणाले आणि त्या चौकशीतून सुटले. बाहेर तर सांगायचा प्रश्नच नव्हता. मी चंडीगडजवळ, खरड गावाच्या पुढे एका खाजगी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि माझं सगळं काम वनस्पतींच्या सुगंधी तेलांवर आहे. ओवा, लवंग, दालचिनी, तुळस यांच्या पानाफुलांतून वाफेने काढलेलं तेल रोगजंतू मारतं का, आणि मारत असेल तर तळ्यात पाळलेल्या माशांना त्याचा काही उपयोग होईल का, हे मी बघते. पूर्वी विद्यार्थी बिनचिठ्ठीच्या बाटल्या माझ्यापुढे ठेवायचे आणि मी झाकण उघडून नाव सांगायचे. ‘मॅडम की नाक’ हा आमच्या विभागात कौतुकाचा विषय होता. असल्या बाईने नाक गेल्याचं कोणत्या तोंडाने सांगायचं? मी नाटक सुरू केलं. बाटली नाकाशी न्यायची, डोळे अर्धवट मिटायचे, मान डोलवायची. चिठ्ठी आधीच वाचलेली असायची.

या कामाकडे मी वळले ती रागाने. पंजाबात, हरियाणात तळी वाढली आणि तळ्यांबरोबर औषधंही. मासा जरा मलूल दिसला की लोक दुकानातून अँटिबायोटिकचा डबा आणतात आणि मापटं भरून खाद्यात कालवतात. जंतू मरतात, पण थोडे उरतात ते निर्ढावतात, आणि पुढच्या वर्षी तेच औषध त्यांना पाण्यासारखं वाटतं. मी दर वर्षी गावोगाव जाऊन हे सांगत होते. लोक चहा पाजायचे, ‘बिल्कुल सही जी’ म्हणायचे आणि मी वळले की डबा उघडायचे. त्यांचं तरी काय चुकलं? डब्याच्या जागी ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं.

मग मरवा सापडला. आमच्या मिरजेच्या घरामागे आई मरव्याचा वाफा राखायची. लहानपणी अबोलीच्या गजऱ्यात त्याची काडी हवीच असायची, त्याशिवाय गजरा मला पुरा वाटत नसे. एका दिवाळीत आईने सावलीत वाळवलेला मरवा डबा भरून दिला, कपाटात ठेवायला. मी त्याचं तेल काढलं. काचेच्या बशीत जंतूंचा थर वाढवतात, त्यावर तेलात बुडवलेली कागदाची टिकली ठेवतात. तेलात दम असेल तर दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती जंतू मरून स्वच्छ कडं दिसतं. माझ्या सगळ्या तेलांत मरव्याचं कडं मोठं निघालं. मला वेड्यासारखा आनंद झाला. पंधरा वर्षं चंडीगडमध्ये राहूनही मी पाहुणीच होते, आणि आता माझ्या परड्यातलं झाड इथल्या माशांच्या कामी येणार होतं. या आनंदात थोडी मिजासही होती, ती आज दिसते.

आईचा डबा वर्षभरात संपला. तिचं वय झालं, तो वाफाही वाळून गेला. ऑक्टोबरात मी खरडच्या रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत गेले आणि विचारलं, ‘‘मरवा मिलेगा?’’

‘‘मरुआ? जितना चाहिए जी,’’ रोपवाटिकावाला म्हणाला.

इथे माझ्या आडनावाचा रोज खिमा होतो. आमच्या ळ चा ल करतात, ण चा न करतात, आणि मी हसून सोडून देते. तसंच त्याने मरव्याचं मरुआ केलं असं मी धरून चालले. ‘सुकवून, चुरून द्या’ म्हणाले, म्हणजे पोत्यात जास्त मावेल. आठवड्याने पोतं आलं. त्यात पान म्हणून ओळखता येईल असं काही उरलं नव्हतं, नुसता हिरवट चुरा. मी मूठभर घेतला, विद्यार्थ्यांदेखत नाकाशी नेला आणि मान डोलावली.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून मुलगी माझ्याबरोबर आली होती. ती चौदाची आहे. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. तिने पोत्यात डोकं घातलं आणि म्हणाली, ‘‘आई, ये तो चटनी वाला है. नीचे वाली आंटी बनाती हैं ना, वही स्मेल.’’

एकोणचाळीस सेक्टरात आम्ही ज्या घराच्या वरच्या मजल्यावर राहतो, त्याची मालकीण खाली राहते आणि उन्हाळाभर कसलीतरी हिरवी चटणी वाटून वर पाठवते. मी ती चवीपुरती खाते. मुलीला मी म्हणाले, ‘‘तुला काय कळतंय गं मरव्यातलं? तू कधी गजरा तरी माळलास का?’’

तिने गजरा माळला नव्हता हे खरंच होतं. मरवा तिला ठाऊकच नव्हता, म्हणून तर तिला पोत्यातली वस्तू जशी होती तशी कळली. मला ठाऊक होता, म्हणून माझी फसगत झाली. पण हे शहाणपण नंतरचं. तेव्हा मी पोतं उकळायला लावलं.

तेल निघालं, छान पिवळसर. बशीत टाकलं तर कडं आलं, पण आधीपेक्षा लहान. मी त्याचं खापर एका विद्यार्थिनीवर फोडलं. बशीतली जेली जाड ओतली की कडं लहान पडतं हे शास्त्र आहे, आणि तिचा हात जड होता हेही खरं. ती बिचारी ‘सॉरी मैम’ म्हणाली. तेलात नेमकं काय काय आहे हे सांगणारं यंत्र आमच्याकडे नाही. शहरातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा आणि नंबर लागायची वाट बघायची. मी नमुना पाठवला आणि उरलेलं तेल तपकिरी बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवलं. बाटल्यांवर स्वतःच्या अक्षरात ‘मरवा’ लिहिलं.

जानेवारीच्या शेवटी, दाट धुक्याच्या दिवसांत, बीबीजींचा फोन आला.

बीबीजी खरडपासून आत एका गावात राहतात. प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाल्या, वय पासष्टीच्या पुढे. त्यांचं तळं खाण्याच्या माशांचं नाही, बीजाचं आहे. बीज घेण्यासाठी त्यांनी तीसेक मोठे मासे राखले होते, रोहू आणि कटला, त्यातले काही दहा दहा वर्षांचे. पावसाळ्यात त्यांची अंडी घ्यायची, पिल्लं वाढवायची आणि आसपासच्या गावांना द्यायची. त्या भागातली बरीच तळी या तीस माशांच्या लेकरांनी भरलेली. बीबीजी त्यांना ‘मेरियां मावां’ म्हणायच्या, माझ्या आया. काठावर उकिडव्या बसून पाण्यावर तळहात आपटला की त्या संथपणे वर यायच्या. मी दर वर्षी विद्यार्थ्यांना हे दाखवायला न्यायचे. बाकी सगळ्यांशी पंजाबीत बोलणाऱ्या बीबीजी माझ्याशी मात्र शाळेत शिकवायची ती हिंदी बोलत.

मी गेले तेव्हा दोन मासे पाण्याच्या वरच्या थरात नुसते तरंगल्यासारखे उभे होते. परांच्या मुळाशी लाल चट्टे, खवले उभारलेले. बीबीजींनी दुकानातून औषधाचा डबा आणून ठेवला होता, पण उघडला नव्हता. ‘‘आपसे पूछे बिना नहीं डाला,’’ म्हणाल्या. इतक्या वर्षांच्या माझ्या भाषणबाजीत माझं ऐकणारं हे एक माणूस निघालं.

मी चट्ट्यांवरचा नमुना घेतला आणि बशांत तपासला. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक औषधांना ते जंतू जुमानत नव्हते, डब्यातल्या औषधालाही नाही. एका औषधाभोवती मात्र स्वच्छ, गोल कडं होतं. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा बीबीजींना मी म्हणाले, ‘‘अब ये दवाइयाँ काम नहीं करतीं.’’ वाक्य बरंचसं खरं होतं, आणि म्हणूनच ते इतकं सहज तोंडातून गेलं. मला तळं हवं होतं. वर्षानुवर्षं मी बशा आणि टब यांच्यापलीकडे गेले नव्हते, आणि आता एक बाई आपलं तळं माझ्या हवाली करत होती. ते एक औषध शेवटचा उपाय म्हणून राहू दे, असं मी मनाशी ठरवलं. शेवट म्हणजे कधी, ते ठरवलं नाही.

बाटल्या घेऊन गेले. मोहरीची पेंड आणि तांदळाचा कोंडा परातीत घेऊन त्यात तेल कालवायचं होतं. बीबीजींनी विचारलं, ‘‘क्या है जी इसमें?’’

‘‘मरवा.’’

त्या हसल्या. ‘‘देखना मैडम जी, कहीं हमें मरवा न देना.’’

मीही हसले. त्यांनी बाह्या सारून खाद्य मळलं, मग हात नाकाशी नेला, क्षणभर थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, वास आवडला. मी सवयीने मान डोलावली. त्यांनीही डोलावली.

दोन दिवस मासे खायला आले. तिसऱ्या दिवशी निम्मे आले. पाचव्या दिवशी बीबीजी पाण्यावर हात आपटत राहिल्या आणि कुणीच आलं नाही. आजारी मासा खात नाही, आणि माझं औषध तर खाद्यात. ही एवढी साधी गोष्ट मी पुस्तकात शिकवते आणि काठावर उभी राहून विसरले. सहाव्या दिवशी पहिला कटला उलटा तरंगताना दिसला. आठव्या दिवशी मी ते दुसरं औषध घेऊन धावत गेले, पण तेही खाद्यातूनच द्यायचं होतं, आणि खाणार कोण? त्यानंतर रोज तीन-चार, रोज तीन-चार.

एके दिवशी गेले तेव्हा काठावर बरेच मासे काढून ठेवलेले होते. गावातले लोक तोंडावर फडकी, चुन्न्या दाबून लांब उभे होते. मी थेट जाऊन एकेक मासा उचलून तपासू लागले. मला काही जाणवतच नव्हतं. बीबीजी लोकांना म्हणाल्या, ‘‘देखो, मैडम को ज़रा घिन नहीं आती. इसे कहते हैं काम.’’ लोकांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण मी मासे तपासत राहिले. शरमेनेही माझं तोंड उघडलं नाही.

तळ्याच्या कडेला खड्डा खणून, चुना टाकून बीबीजींनी सगळ्यांना पुरलं. शेवटचा रोहू त्यांनी कुणाला उचलू दिला नाही, स्वतः दोन्ही हातांवर घेऊन गेल्या. परत येऊन हात धुताना म्हणाल्या, ‘‘मैंने ही देर कर दी जी. धुंध में दो दिन ठीक से देखा ही नहीं. आपको पहले बुलाती तो बच जातीं.’’

मी म्हणाले, ‘‘हाँ, हो सकता है.’’

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले आहे, बाटल्या नाकाशी धरून चार वर्षं तेच केलं. पण त्या चार शब्दांची मला जेवढी किळस आहे तेवढी कशाची नाही. वेळ मारून नेली आणि बस पकडून घरी आले. कॉलेजच्या अहवालात लिहिलं, उपचार उशिरा सुरू झाले.

मार्चमध्ये प्रयोगशाळेचा निकाल ईमेलने आला. मरव्यात जे मुख्य द्रव्य असायला हवं त्याचा जेमतेम मागमूस होता. जे भरपूर होतं ते तुळस-सब्ज्यात सापडणारं. मी तो कागद चार वेळा वाचला. मग रोपवाटिकेत जाऊन म्हणाले, मरुआ दाखवा, ताजा. त्याने कुंडी पुढे ठेवली. मरव्याचं पान कसं बारीक, गोलसर, करडी लव असलेलं. हे लांबट, गुळगुळीत, सरळसरळ सब्ज्याच्या जातीचं. इथे यालाच मरुआ म्हणतात. त्याने मला फसवलं नव्हतं. मी मागितलं तेच त्याने दिलं होतं.

घरी आले तर जिन्याच्या पायथ्याशी मालकिणीच्या कुंडीत तेच झाड. दिवसातून दोनदा मी त्याला ओलांडून जात होते. मुलीला सांगितलं तेव्हा ती मोबाईल बाजूला ठेवून हळूच म्हणाली, ‘‘मैंने बोला था, आई.’’ टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

खरा मरवा असता तर मासे वाचले असते का? मला माहीत नाही, आणि आता कधीच कळणार नाही. बशीतलं कडं आणि तळं यांच्यात फार अंतर आहे. थंड पाणी, गाळ, न खाणारा मासा, यांतलं काहीच बशीत नसतं. कदाचित आईच्या वाफ्यातल्या मरव्यानेही तेच झालं असतं. कदाचित पहिल्याच दिवशी ते दुसरं औषध दिलं असतं तर बीबीजी आजही काठावर बसून पाण्यावर हात आपटत असत्या. मी रात्रंदिवस हा हिशेब उलटसुलट करून पाहते, आणि कुठल्याच बाजूने माझी सुटका होत नाही. त्याहून वाईट म्हणजे कामावरचा विश्वासच उडाला. गावोगाव डब्याच्या विरुद्ध बोलायला आता जीभ उचलत नाही. जंतू निर्ढावत चालले आहेत हे खरं आहे, औषधं एकेक करून निकामी होत आहेत हेही खरं आहे, आणि माझ्याकडे द्यायला तेव्हाही काही नव्हतं, आताही नाही.

एप्रिलमध्ये मी बीबीजींकडे गेले. तळ्याचं पाणी सोडून दिलं होतं आणि तळ उन्हात भेगाळला होता. लिंबाखाली खाटेवर त्या बसल्या होत्या, समोर शेजारच्या गावच्या दोन बायका. यंदा बीज मिळेल का विचारायला आल्या होत्या. बीबीजी त्यांना पंजाबीत सांगत होत्या की यंदा नाही, पुढेही बहुतेक नाही, नव्या माशांना आया व्हायला वर्षं लागतात आणि आपल्याजवळ आता तेवढी नाहीत. चूक आपलीच, दोन दिवस उशीर केला. मॅडमनी तर खूप केलं. त्या बायकांनी माझ्याकडे बघून हात जोडले.

त्या जाईपर्यंत मी थांबले. मग म्हणाले, ‘‘बीबीजी, आपने देर नहीं की थी. ग़लती मेरी थी.’’

आणि सगळं सांगितलं. त्या एका औषधाभोवतीचं कडं सांगितलं, मला तळं हवं होतं तेही सांगितलं. शेवटी बाटलीवर आले. ‘‘वो मरवा नहीं था. मरुआ था.’’

त्यांना कळेना. त्यांच्या कानांना दोन्ही शब्द एकच. म्हणाल्या, ‘‘मरुआ ही तो था जी. सारा हाथ महक रहा था. हमारे आँगन में लगा है, चटनी बनती है. मुझे अजीब तो लगा. फिर सोचा, मैडम को इसमें कुछ दिखता होगा जो हमें नहीं दिखता.’’

मग मी चार वर्षांत पहिल्यांदा ते बोलले. ‘‘मुझे ख़ुशबू-बदबू कुछ नहीं आती, बीबीजी. कोरोना के बाद से. किसी को बताया नहीं.’’

त्या दिवशी काठावर उघड्या नाकाने मासे तपासणारी मी त्यांना आठवली असणार, आणि लोकांना त्या काय म्हणाल्या तेही. मी शिव्यांची वाट बघत होते. एकदाच्या त्या मिळाव्यात म्हणूनच आले होते. बीबीजींनी चुन्नी सारखी केली, कोरड्या तळ्याकडे बघितलं, आणि धडा न आलेल्या मुलाला समजवावं तशा आवाजात म्हणाल्या, ‘‘तो बता देते जी. मैं सूँघ देती.’’